सोळावा प्रश्न

इंदूर, रामबागेतली शाळा, सातवी ब.
पंचवीस प्रश्न हिंदीत छापलेले,
प्रत्येकापुढे तीन चौकोन.

निषाद ओखदे टेबलाशी येऊन
मराठीत, अगदी हळू:
“मॅडम, ‘कुछ हद तक’ म्हणजे किती?
आठवड्यातनं दोनदा, की
बाबांची स्कूटर फाटकात वाजते
तेवढ्यापुरतं?”
मी म्हटलं, गेले सहा महिने आठव
आणि खूण कर.
छापील सूचना तशीच आहे.

संध्याकाळी बेरीज केली. नऊ.
नऊ म्हणजे काही नाही.
हिरवी फाईल, घरी चिठ्ठी नाही.

गठ्ठा बांधताना एक कागद
बोटाला खरखरीत लागला.
सोळाव्या प्रश्नापाशी
खोडरबरानं इतका घासलाय
की तिसऱ्या चौकोनातून
खालची शेवेची पुडी दिसते.
खूण मात्र पहिल्यात,
पट्टी धरून काढल्यासारखी.

भोकाला गुण किती,
मार्गदर्शिका चाळली दोनदा.

उद्या मधल्या सुट्टीत बोलावीन त्याला.
काय विचारायचं, ठरलेलं नाही.
तुझं खोडरबर माझ्याकडे राहिलंय, म्हणेन.

कुछ हद तक सही.