सुरक्षित भार : तीन टन

अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेला जाड पिवळा कागद,
पितळी दुपायी टाचण्यांचं पाकीट,
आणि छापून वाया गेलेल्या लग्नपत्रिका,
किलोवर मिळतात, मागून कोऱ्या.
एवढ्यावर माझं दुकान चालतं
घोडपदेवला, दुसऱ्या मजल्यावर,
पोळपाट उलटा घालून त्यावर.

पट्टी ओढली की फुलपाखरू पंख हलवतं, ते साठ रुपये.
चाक फिरवलं की नवऱ्याचे डोळे
बायकोवरून टीव्हीकडे सरकतात, ते नव्वद.
हेच जास्त खपतं. बायकाच घेतात.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली,
चाळीसेक कार्डं फुकट घालवल्यावर :
पट्टी आणि तिची खाच एकाच मापाची कापली
की कार्ड हलत नाही, फाटतं.
दोन्ही बाजूंना नखभर ढील सोडायची.
डिंकही जपून. हलायचं ते मोकळं,
धरायचं तेवढंच चिकटवायचं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, काशिनाथ धुरी,
एकतीस वर्षं गोदीत क्रेनवर.
आता खिडकीशी बसतात. बोलतात मोजकंच,
जसं काही शब्दांचीही पावती फाडावी लागते.
त्यांच्या पंच्याहत्तरीला म्हणून
चार रात्री बसून मी क्रेन केली.
काळा दोरा, तारेचा आकडा, खाली खोका.
पट्टी ओढा, खोका वर.
आत सोनेरी पेनाने वळणदार शुभेच्छा.

केक कापला. बाबांनी कार्ड उघडलं, पट्टी ओढली.
खोका वर गेला.
शेजारच्या मसुरकरीण काकूंनी टाळ्या वाजवल्या,
पोरांनी शिट्टी मारली.
बाबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग :
"अगो, पिन खंय मारलंस? बूम हयसून फिरणा नाय.
अशी क्रेन आसती तर मी पयल्याच दिसाक समुद्रात."

नवरा म्हणाला, जाऊ दे, ते असेच.
मी केकच्या बशा उचलल्या, जरा आवाज करत.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात दिवा.
पोळपाटावर माझी क्रेन, सुटे भाग करून,
क्रमाने मांडलेली.
बाबांच्या हातात माझं ब्लेड.
हात कापतो त्यांचा, म्हणून कोपर ओट्याला रेटून,
टाचणी पकडीत धरून,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात, शाळेतल्या मुलासारखी.
मी दारातूनच फिरले.
तहान तशीच घेऊन झोपले.

सकाळी कार्ड फ्रिजवर उभं.
पिन दीड बोट मागे सरकलेली.
बुमाच्या शेपटीला, कुणाच्यातरी पत्रिकेची
चार घड्या घालून केलेलं वजन,
त्यावर 'चि. सौ. कां.' अजून वाचता येत होतं.
माझ्या शुभेच्छा त्याखाली गेल्या होत्या,
उरलं होतं फक्त 'च्छा'.
केबिनला खिडकी कापलेली.
आत बॉलपेनने काढलेला माणूस :
चेहरा नाही, दोन हात आहेत, दोन दांड्यांवर.
आणि बुमावर, गोदीतल्या ठोकळ अक्षरांत,
सुरक्षित भार ३ टन.

पट्टी ओढली.
खोका सावकाश वर गेला, आणि थांबला.
माझा तर हात सोडला की खाली पडायचा.

बाबा चहात बटर बुडवत होते.
वर न बघता म्हणाले,
"ढील मात्र बरी ठेवलंस."

आता गिऱ्हाइकं तेच कार्ड मागतात.
केवढ्याला, विचारतात.
मी खिडकीकडे बोट दाखवते.
बाबा त्यांना नखशिखांत न्याहाळतात,
आणि भाव सांगायच्या आधी, दर वेळी,
"आदी सांग, उचलूचा काय हा?"