काचेखालून

सुकेनाने कॅमेरा काचेखाली ठेवला, उताणा,
शेजारी एक लहान दिवा,
आणि मला म्हणाली, बिरान, तू फक्त ऐक.

मासांबा काचेवर उलटं काढतो.
म्हणजे आधी सही, तीही आरशातली,
मग पापण्या, मिशीची कड, ताविजाचा दोरा,
मग गाल,
आणि सगळ्यांच्या मागे जे असतं ते सगळ्यांत शेवटी.
चुकलं तर वरून सारवता येत नाही.

काच समुद्राने पाडलेल्या शाळेची.
कोपऱ्यात कुणा पोराने चिकटवलेल्या
कागदी चांदणीचा डिंक अजून होता.
तो त्याने पात्याने खरवडला.
ते खरवडणं माझ्याकडे आहे, अकरा सेकंद.

समोर कोदू. तिच्या मुलाचं चित्र.
म्बायचा फोटो एकच होता,
तो त्याने होडीत बसताना खिशात घातला,
पलीकडे कागदपत्रांना लागेल म्हणून.
तेव्हा कोदू सांगत होती आणि मासांबा काढत होता.
भुवई तुटकी, नऊ वर्षांचा असताना गळ लागला.
अरे, उजवी नव्हे, डावी!
उलटल्यावर डावीच होईल, आई.
तिचा विश्वास बसला नाही.
खालून कॅमेऱ्याला ती डावीच दिसत होती,
पण कॅमेऱ्याला कोण विचारतो.

काच भरत गेली तसा मासांबा संपत गेला.
गालांनी त्याची हनुवटी घेतली,
सदऱ्याने मनगट.
आमची फिल्म त्याच्यावर होती खरं तर,
अर्जात तसंच लिहिलं होतं, अनुदानही त्याच नावाने आलं.

मागे काय भरू? निळा?
डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज.
मग कुणीच बोललं नाही.
मेंढी ओरडली. चहा उंचावरून ओतला गेला,
पहिला, कडू.
निळा नको, कोदू म्हणाली.
आमच्या दाराचा रंग दे.
दार कुठाय आता?
म्हणून तर.

पिवळ्यात हिरवा, मग थोडा चुना.
हा नव्हे. हाही नव्हे.
तिसऱ्या खेपेला तिने नुसता हात वर केला.
ब्रश कडेकडेने आत येत गेला.
कानाजवळ बोटाएवढी जागा उरली,
तीतून मासांबाचा एक डोळा दिसत होता,
तो काय पाहत होता कुणास ठाऊक.
मग तीही भरली.

पुढची चार मिनिटं पडद्यावर काही हलत नाही.
म्बाय बघतो, दाराच्या रंगात.
ती चार मिनिटं माझी :
ब्रश धुतला जातोय, कोदू पैसे मोजतेय,
मासांबा अर्धे परत करतोय, ती घेत नाहीये.
एका महोत्सवाने कळवलं, शेवट कापा.
सुकेनाने त्या पत्राची घडी करून
डुगडुगत्या तिवईच्या पायाखाली घातली.

गेत न्दारच्या वाळूत आम्ही चादर टांगली.
गर्दी इतकी की बायका चादरीच्या मागे बसल्या,
मागूनही दिसतंच.
म्बायची भुवई आली
आणि चादरीपलीकडून कोदूचा आवाज,
उजवी नव्हे!
ती उठली. वाळू, पोरं, दोर ओलांडत
चादरीला वळसा घालून इकडे आली,
थेट प्रोजेक्टरच्या झोतात,
आणि तिची सावली तिच्या मुलावर पडली.
खाली बस, कुणीतरी ओरडलं.

चहा तिसऱ्यांदा ओतला जात होता,
माझ्या आवाजातला की तिथला,
मला कळेना.