सत्तर टक्के

प्रातोच्या गोदामात नेदो बेर्ती
चिंध्यांच्या ढिगावरच बसतो, स्टूल रिकामं.
पासष्ट वर्षांचा अंगठा.
लोकर, म्हणतो. नायलॉन. लोकर. ही खोटी.
आणि कात्रीने बटणं उडवतो डब्यात.

मी तपासनीस. हातात फॉर्म,
फॉर्मला टाचलेलं लेबल:
‘सत्तर टक्के पुनर्वापरित’.
कशाचे सत्तर? अख्ख्या कोटाचे,
की अस्तर, गादी, दोरा सोडून जे उरतं त्याचे?

मालक मागच्या दाराकडे नेतो.
मागाखालून झाडलेला सुताचा चुरा,
स्वच्छ, एकाच निळ्या रंगाचा,
कुणाच्याच अंगाला न लागलेला.
संध्याकाळी तो त्याच यंत्रात परत जातो.
‘हाही धरा की. वाया तर जात नाही ना?’

नाही जात.
पण ताटात वाढलंच नाही
ते उष्टं कसं म्हणू?

नेदो ढिगातून एक कोट ओढतो.
कोपराला ठिगळ, त्या ठिगळाला दुसरं,
खिशात पिस्तोयाच्या बसचं तिकीट,
धुऊन धुऊन कापसासारखं झालेलं.
‘हा धर,’ म्हणतो, आणि पुढची चिंधी उचलतो.

रात्री हॉटेलात बेरीज मांडते.
एकेचाळीस.
दोनदा मांडते. एकेचाळीसच.
मालकाचा फोन तीनदा वाजून थांबतो.
आकडा काही लाजिरवाणा नाही,
सत्तरच्या शेजारी उभा केला म्हणून खुजा दिसतो.

खुर्चीवर माझा स्वतःचा कोट.
कॉलर उलटून बघते:
एकमेकांच्या मागे लागलेले तीन हिरवे बाण.
आकडा नाहीच.