रकाना क्रमांक नऊ

अर्जात नववा रकाना असा होता:
या कामातून किती स्थानिक रोजगार निर्माण होतील?
फक्त आकडा लिहावा.

आमचं नगर कार्यालय म्हणजे जुन्या शाळेतली एक खोली,
मी तिथली कारकून, आठवड्याला दोन दिवस.
खिडकीतून बोटींचा धक्का दिसतो,
म्हणजे धक्क्याचं जे काही उरलंय ते.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला बर्फ समुद्रावरून चालत येतो
आणि जाताना काहीतरी घेऊन जातो.
गेल्या वर्षी तीस फूट नेले.

मी आकडा लिहायला बसले आणि माणसं आठवत गेले.
लिअँडर पार्डी, कॉड बंद झाल्यापासून
ज्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.
एल्ड्रेड कीपिंग, गुडघा गेलेला, पण खिळा एका घावात आत.
हाइन्सचे दोघे भाऊ. त्यातल्या धाकट्याची बॅग
दोन वर्षांपासून दाराशी भरलेलीच.
फिलोमिना, जी मासे सोलायच्या कारखान्यात तेवीस वर्षं उभी होती
आणि अजूनही घरात बसायचं विसरते.
अँब्रोज. अँब्रोजचा अबोल जावई.
मी लिहिलं: ७.

चारशेवीस तास काम भरलं
की हिवाळ्यात बेकारीभत्ता सुरू होतो.
(आकडा सरकारचा आहे, माझा नाही.)
चारशेदहा भरले तर काही नाही.
त्या दहा तासांच्या फटीत
आमच्याकडे माणसं राहतात.

अर्ज मार्चमध्ये गेला.
मंजुरी सप्टेंबरात आली, सोबत एक मोठा फलक:
दोन भाषांत, वर झेंडा, खाली रक्कम.
तो लावायला दुसऱ्या गावाहून दोन माणसं आली,
लावला, चहाही न घेता गेली.

तोवर लिअँडर टेकडीवर गेला होता,
चर्चच्या मागे, समुद्राकडे पाय करून.
धाकट्या हाइन्सने बॅग उचलली होती, अल्बर्टासाठी.
पण रकान्यात सातच होते,
आणि सरकारदरबारी सात म्हणजे सात.
म्हणून फिलोमिनाची बहीण आली
आणि मी कार्यालयाला कुलूप लावलं.
माझेही तास कुठे भरत होते?

पहिल्या दिवशी मी अंगठा ठेचून घेतला.
एल्ड्रेड म्हणाला, आता ही फळी तुझी.
चौकटी बांधल्या, त्यांत दगड भरले,
ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास
केसांतून उशीत, उशीतून स्वप्नात.
फिलोमिना दगड पोचवताना गुणगुणायची,
आणि अबोल जावई
ऑक्टोबरच्या एका दुपारी आपणहून म्हणाला,
"वारा पडला."
त्यावर आम्ही आठवडाभर बोलत होतो.

चूक एकच झाली, आम्ही भराभर काम केलं.
दहा आठवड्यांत धक्का उभा.
मी वही उघडली, बेरीज केली, पुन्हा केली.
साडेतीनशे.
सत्तर तास कमी.
कुणी काही बोललं नाही. भुरभुर बर्फ पडत होता.
एल्ड्रेड शेवटच्या फळ्यांवरून लंगडत गेला,
वाकला, एक डोळा मिटून पाहिलं,
आणि म्हणाला,
"वाकड्या बसल्यात."

नव्हत्या.

दोन आठवडे आम्ही दहा फूट उचकटले
आणि पुन्हा बसवले,
एकेक खिळा सरळ करून,
एकेक फट नखाने तपासून,
स्वतःच्या घरासाठीही करत नाही इतक्या निगुतीने.
मी वहीत लिहिलं: दुरुस्ती.
खाली सही केली. हात थरथरला तो थंडीने.

फलक जानेवारीच्या वादळात पडला.
एल्ड्रेडने त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं,
झेंड्याची बाजू आत, नाहीतर कोंबड्या बुजतात म्हणे.

अंतिम अहवालातही तोच प्रश्न होता.
मी पुन्हा सात लिहिले.

आता मोठी लाट आली की सगळा धक्का कुरकुरतो,
तेवढे शेवटचे दहा फूट सोडून.