दोन आसांमधलं अंतर

बॉडी टपालाने आली. रेझिनची, पिवळट,
हातात साबणाच्या वडीसारखी.
स्टेशन वॅगन, एकास पंचवीस.
खाली काहीच नाही. ना तळ, ना आस, ना सायलेन्सर.
विकणाऱ्याने लिहिलं होतं:
चासी तुमची तुम्ही बघा.

म्हणून फेब्रुवारीत, सरोवराचा काठ गोठलेला असताना,
केनोशाच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये
मी टेबलाटेबलांतून हिंडलो, खिशात कॅलिपर.
हवी होती एकशे एकवीस मिलिमीटरची,
आसापासून आसापर्यंत.
एकदोन कमी चालतील. कापून सांधता येतं.

लुएला हाल्वरसनच्या टेबलावर नवऱ्याचे डबे,
सत्तर-ऐंशी, बहुतेक न जोडलेले.
"आर्विड म्हणायचा, रिटायर झाल्यावर."
एवढंच बोलली, आणि सुट्ट्या पैशांचा
बिस्किटांचा डबा जवळ ओढला.

मी एक कूपे उचलली. झाकणावर लाल, रस्ता रिकामा.
त्या कूपेशी मला काही देणंघेणं नव्हतं,
तिच्या पोटाखालचं हवं होतं. बारा डॉलर.
हा नादच असा, एक गाडी उभी करायची
तर दुसरी कधीच उभी राहायची नाही.

खाली कोण बघणार आहे, मर्ना विचारते.
शेल्फवर तर चाकांवरच ठेवणार ना?

मर्ना, मी ती गाडी खालूनच ओळखतो.
नऊ वर्षांचा होतो. गॅरेजच्या गार सिमेंटवर पालथा,
हातात जाळीचा दिवा.
बाबा उताणे, छातीपर्यंत गाडीखाली गेलेले,
आणि मधूनच एक हात बाहेर,
काळा, उघडा: अर्ध्याचा पाना.
त्यांचं जे काही बोलणं माझ्या वाट्याला आलं
ते त्या वीतभर फटीतून.
दिवा हलवू नकोस.
बघ, इथून गंज धरलाय.
आणि एकदा, सायलेन्सरचा पट्टा आवळताना,
तुझी आई येईल परत.
ती आली नाही.
पट्टा मात्र गाडी विकेपर्यंत टिकला.

तळघरात डबा उघडला.
सीटा, काचा, पिशवीत सीलबंद क्रोमचे बंपर.
चासीच्या जागी सांगाड्यात चौकोनी पोकळी,
टोकं पक्कडीने नीट कापलेली,
आणि रबरबँडखाली पेन्सिलीतली चिठ्ठी:
"चासी काढली. रोनाल्डच्या पिकअपला. मार्च १९९३. आ. हा."

ज्याच्या दारी मागायला गेलो
तो आधीच देऊन बसलेला.

फोन केला. लुएला बराच वेळ गप्प.
"पिकअप खिडकीत आहे. रोनाल्ड माझा भाऊ.
उलटी करून कधी पाहिली नाही मी. थांब."
रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. जिना. कुत्रा भुंकला.
मग, "आहे. तीच असणार.
पण ड्वेन, त्याने खाली काय काय रंगवून ठेवलंय.
तेलाचा डाग. गंजसुद्धा."
आणि थोड्या वेळाने,
"काढून पाठवू?"

नको म्हणालो. फक्त मोजून सांगा, फुटपट्टी असेल तर.
"पावणेपाच इंच. नाही, जराशी आतच."

दोन मिलिमीटर कमी. नाहीतरी कापावीच लागली असती.

आता प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तळ घडवतोय, पहिल्यापासून.
मार्च सरला. पहिला वाकडा झाला, फेकला.
डब्यातून फक्त मागचा आस घेतला,
आणि आर्विडच्या ओळीखाली लिहिलं:
"मागचा आस काढला. बाबांच्या वॅगनला. ड. को."
झाकण लावून डबा वर ठेवला. कुणाला तरी काचा लागतील.

सायलेन्सरचा पट्टा चॉकलेटच्या चांदीचा,
चिमट्याने वळवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा.
टेबलावरचा दिवा स्टँडला घट्ट बसवलेला आहे,
हलत नाही.
तरी मधूनच मी डाव्या हाताने तो धरतो.