कूलर

चार वर्षांचा होतो. महालातल्या घरी
कूलरच्या जाळीला तोंड लावून ओरडायचो, आऽऽ,
आवाज तुकडे तुकडे होऊन
वाळ्याच्या वासासकट परत यायचा.

बाराव्या वर्षी बादली हातात आली.
"सांडू नको बे," बाबा म्हणायचे.

विशीत मी गच्चीवर झोपायचो;
खालची घरघर नको होती,
दोघांचीही.

मग नंदनवनात खोली, हप्त्यांवरचा कूलर.
मोटरला तेल घालता घालता
केस कधी पिकले, आठवत नाही.

यंदा नवतपात बाबा म्हणाले,
"बंद कर रे, थंडी वाजून राहिली."
बाहेर सत्तेचाळीस.

मी बटण दाबलं. घर एकदम मोठं झालं.
"पांघरूण आणू का?" मी विचारलं.
माझा आवाज सबंध होता,
आणि माझा नव्हता.