चौकोन

इन नदीकाठच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
टाकीच्या काचेला नाक लावून
वाल्बुर्गा म्हणते, "वाकव गं बाई, वाकव."

आत बुरशीच्या पोटात
एक एन्झाइम
लोखंडाचा एकच अणू मुठीत धरून
तीन मण्यांची सरळ माळ वाकवतं,
चार कोपऱ्यांत आवळतं.
अवघडलेला चौकोन,
कधीही तुटेल असा.
त्या ताणातच औषध आहे.
बाकी उरतं ते पाणी.

एकोणीस वर्षं झाली.
परवा तिच्या मनगटावर पुरळ उठलं.
डॉक्टर म्हणाला, तुला हे औषध आता
कधीच चालणार नाही.
सोमवारपासून गेटवर बदली.

हातमोजे काढून
ती बाहीनं काच पुसते.
आत अजून कुणी कळवलेलं नाही.
वाकवणं चालू आहे.